कॅलवे स्ट्राटाची 12 नगांची पेटी: नाशिकच्या हौशी गोल्फरला किती उपयोगी?

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हणा, तो हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आणून सोडेल. तिथे रणजीचे सामने होतात, पहाटे निम्मं शहर चालायला येतं. गोल्फचं म्हणाल तर नाव तेवढं आहे. क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, घेऊन तिथे सरावाला जायचा विचार कुणाच्या मनात येत असेल तर तो आत्ताच काढून टाका. 46 ग्रॅमचा टणक चेंडू चालणाऱ्याच्या कपाळावर बसला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

त्यामुळे इथल्या हौशी खेळाडूचं गणित मुंबई-पुण्याच्या क्लब मेंबरपेक्षा वेगळं आहे. कोर्सवर जाणं महिन्यातून एक-दोनदा, तेही बरेचदा गाडी काढून गावाबाहेर. बाकीचा सराव नेटमध्ये, गच्चीवर, हॉलमध्ये. अशा माणसाने पहिली बॅग कोणती घ्यावी असं विचारलं की जी नावं पुढे येतात त्यांत कॅलवे कंपनीची स्ट्राटा ही तयार पेटी असतेच. नामांकित कंपनीच्या चालू वर्षाच्या एकट्या ड्रायव्हरला, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबला, जे पैसे पडतात, साधारण तेवढ्यात किंवा त्याहून कमीत ही अख्खी पेटी येते. प्रश्न स्वस्त-महागाचा नाहीच. ज्या सुखासाठी हौशी माणूस या खेळाच्या नादी लागतो, ते सुख या पेटीतून मिळतं का, एवढंच बघायचं.

ते सुख फार साधं आहे. गल्लीतल्या बॅट्समनला बुमराहचा यॉर्कर खेळायला मिळत नाही, आणि मिळाला तरी तो खेळता येत नाही. गोल्फमध्ये समोर बोलर नसतो. चेंडू गवतावर निवांत पडलेला असतो. त्यामुळे 100 फटक्यांत चुकून का होईना, हौशी माणसाचा एखादा फटका व्यावसायिक खेळाडूच्या फटक्यासारखाच जातो: 130 यार्डांवरून उचललेला चेंडू झेंड्यापासून चार फुटांवर थांबतो. हाताला धक्का जाणवत नाही, फक्त ‘ठक्’ असा भरीव आवाज येतो. पुढचे वीस फटके वाया गेले तरी माणूस त्या एकावर महिनाभर तगतो. चांगला सेट तो, जो हा आवाज लवकर आणि वारंवार ऐकवतो, आणि नाही आला तर का नाही आला हे सांगतो.

आता पेटी उघडू. 12 नग म्हणजे 12 क्लब नव्हेत, इथे बरेच जण फसतात. क्लब नऊच आहेत: ड्रायव्हर, 3 वुड (हाही लांब फटक्याचा), 5 हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधला), 6, 7, 8 आणि 9 आयर्न (मधल्या अंतराचे), पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्याचा), पटर (चेंडू भोकात ढकलायचा). उरलेले तीन नग म्हणजे स्टँडची बॅग आणि क्लबच्या डोक्यांवर चढवायच्या दोन टोप्या. नियमाने बॅगेत 14 क्लब ठेवता येतात, म्हणून नऊ कमी वाटतील. प्रत्यक्षात नवशिक्याला नऊसुद्धा जास्त होतात. फटका प्रत्येक वेळी फेसच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूच्या, वेगळ्या जागी लागत असताना 6 आयर्न आणि 7 आयर्न यांच्या अंतरात फरक राहत नाही. दोन्ही चेंडू एकाच ठिकाणी जाऊन पडतात. तेव्हा पहिले तीन महिने 7 आयर्न, 9 आयर्न, पिचिंग वेज, हायब्रिड आणि पटर एवढेच बॅगेत ठेवा. बाकीचे चार कपाटात. बॅग हलकी होते आणि ‘कोणता घेऊ’ हा घोळ संपतो.

आयर्न ही या पेटीची जमेची बाजू. क्लबच्या डोक्याच्या मागचा भाग पोकळ ठेवून वजन कडांना नेलेलं आहे, त्यामुळे चेंडू फेसच्या मध्यापासून सेंटिमीटरभर बाजूला लागला तरी डोकं हातात फारसं फिरत नाही. 15 यार्ड कमी जाईल, पण चेंडू हवेत उठेल. जुन्या पद्धतीच्या पातळ आयर्नने, म्हणजे ब्लेडने, तोच फटका मारला तर झिणझिण्या कोपरापर्यंत जातात आणि चेंडू सरपटतो. तळही रुंद आहे. क्लब चेंडूच्या किंचित मागे पडला तर रुतण्याऐवजी घसरतो. कुणी नातेवाइकाने परदेशातून आणलेले सुंदर, चकचकीत, पातळ ब्लेड फुकट देऊ केले तर आभार मानून भिंतीवर लावा.

सगळा पाया 7 आयर्नवर घालायचा. पाय खांद्याइतके फाकवून उभं राहा, चेंडू दोन्ही पायांच्या मधोमध किंवा चेंडूभर पुढे. सरावाच्या मैदानावर, म्हणजे रेंजवर, 50 चेंडूंची बादली घेतलीत तर पहिले 20 कमरेपासून कमरेपर्यंतच्या अर्ध्या स्विंगने, पुढचे 20 खांद्यापर्यंत, आणि पूर्ण स्विंग शेवटच्या दहांना. उलटं केलं की दमलेल्या हातांनी चुका पक्क्या होतात. क्लब किती घट्ट धरायचा, याचं माप घरातलंच: टोपण उघडं असलेली टूथपेस्टची ट्यूब पेस्ट बाहेर न येता धरता आली पाहिजे. जोर लावला की मनगटं आखडतात, फेस उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडे वळतो.

फटका कुठे लागतोय हे आवाजावरून नीट कळत नाही. फेसवर टाल्कम पावडरचा हलका थर द्या आणि मारा; चेंडूचा गोल ठसा उमटतो. ठसे सतत टोकाकडे येत असतील तर तुम्ही चेंडूपासून लांब उभे आहात, किंवा फटक्याच्या क्षणी हात अंगाकडे ओढताय. दांड्याच्या बाजूला येत असतील तर वजन पंज्यांवर जाऊन शरीर पुढे झुकतंय. पाच-सहा फटक्यांनंतर फेस पुसून पुन्हा पावडर लावायची.

रेंजवरची मॅट मात्र खोटं बोलते. खऱ्या जमिनीवर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे पडला तर माती उडते आणि चेंडू निम्म्या अंतरावर बसतो. मॅटवर तोच क्लब घसरत पुढे जातो आणि चेंडू छान उडतो. ‘रेंजवर जमतं, कोर्सवर जमत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. उपाय सोपा: हाताचा टॉवेल घडी घालून चेंडूच्या चार इंच मागे ठेवा. टॉवेलला क्लब लागला तर फटका ‘फॅट’. चेंडू कितीही लांब गेला तरी तो मोजायचा नाही. चेंडू आधी, जमीन नंतर, हे अंगवळणी पडेपर्यंत टॉवेल काढू नका.

ड्रायव्हरबद्दल थोडं कडू. डोकं नियमात बसणाऱ्या कमाल 460 घनसेंटिमीटरचं, दिसायला दणदणीत, आणि पेटी घेणारा आधी हात घालतो तो यालाच. अडचण कंपनीची नाही, भौतिकशास्त्राची आहे. फेसचा तिरपेपणा, म्हणजे लॉफ्ट, जितका कमी तितकी उघड्या फेसची शिक्षा मोठी. शिवाय दांडा 45 इंचांच्या आसपास, 7 आयर्नपेक्षा आठेक इंच लांब. ज्या चुकीने 7 आयर्नचा चेंडू 10 यार्ड उजवीकडे जातो, तीच चूक ड्रायव्हरने 40-50 यार्ड बाहेर नेते. टीवरून, म्हणजे पहिल्या फटक्याला चेंडू ठेवायच्या खुंटीवरून, हायब्रिड मारा. अंतर कमी पडेल, पण दुसरा फटका फेअरवेवरून, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावरून, असेल. ड्रायव्हर काढाल तेव्हा टी इतकी उंच हवी की अर्धा चेंडू डोक्याच्या वर दिसेल. 3 वुडची टी जेमतेम अर्धा इंच. 3 वुड जमिनीवरून मारायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. या पेटीतला सर्वांत अवघड क्लब तोच.

पटर कामचलाऊ आहे आणि तेवढं पुरतं. कोर्सचा पार, म्हणजे अपेक्षित फटक्यांचा आकडा, 72 धरला तर त्यात 36 फटके पटिंगचेच गृहीत असतात. हा असा सराव आहे जो कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्येही होतो. फरशीवर चेंडू फार पळतो, म्हणून सतरंजी अंथरा, पण तिची कड फरशीच्या सांध्याला समांतर ठेवा. पटर त्या रेघेवरून मागे-पुढे जातो की वाकडा, ते लगेच दिसतं. भोकाच्या जागी स्टीलचा पेला आडवा ठेवायचा. खऱ्या भोकाचा व्यास 108 मिलिमीटर, पेल्याचं तोंड त्याहून बरंच लहान. तीन फुटांवरून पेल्यात सलग दहा घालता आले की कोर्सवरचं भोक परातीएवढं दिसतं. पूर्ण स्विंग मात्र घरात नको. साधारण उंचीच्या माणसालाही जमिनीपासून दहा फुटांपर्यंत मोकळी जागा लागते, आणि आपल्याकडे त्या जागेत पंखा असतो.

मापाकडे दुकानात कुणी लक्ष देत नाही. पेटीतले क्लब अमेरिकी सरासरीवर बेतलेले. पाच फूट सात इंच ते सहा फूट एक इंच उंचीला सहसा जसेच्या तसे चालतात. त्याहून बुटक्या माणसाने तोच क्लब धरला तर हात खाली येतात, क्लबचं टोक जमिनीवरून उचललं जातं आणि चेंडू डावीकडे जाऊ लागतो. यासाठी दांडा कापून घेण्याची घाई नको. आधी ग्रिप अर्धा ते पाऊण इंच खाली धरून बघा. बहुतेकांचं काम तेवढ्यात होतं. खात्री करायची तर चेंडूवर पुसता येणाऱ्या मार्करने उभी रेघ ओढा, ती फेसकडे करून फटका मारा. फेसवर उमटलेली रेघ सरळ उभी असेल तर माप बरोबर. पुरुषांच्या पेटीत आयर्नचे दांडे स्टीलचे असतात, वुड आणि हायब्रिडचे ग्रॅफाइटचे. साठीच्या पुढे, किंवा कोपर-मनगट आधीच कुरकुरत असेल, तर आयर्नलाही ग्रॅफाइट असलेला सेट शोधा. हादरा कमी बसतो आणि वजनही उतरतं.

नाशिकची हवा हा स्वतंत्र विषय. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, हवा किंचित विरळ, त्यामुळे चेंडू समुद्रकाठच्या मानाने साधारण दोन टक्के लांब जातो. 150 यार्डांना तीन यार्ड. म्हणजे आपल्या पातळीवर काहीच नाही. नाशिककराने मुंबईत जाऊन ‘इथे चेंडू कमी जातो’ अशी सबब सांगू नये. डिसेंबर-जानेवारीची पहाट मात्र खरोखर अंतर खाते: गार हवा दाट असते, चेंडू कडक होतो आणि स्वेटरमध्ये खांदे फिरत नाहीत. अशा वेळी एका नंबराने जास्त लांब मारणारा क्लब घ्या, 8 च्या जागी 7. पुढच्या होलचा चेंडू खिशात ठेवला तर तो तेवढाच उबदार राहतो.

क्लबांची खरी परीक्षा उन्हाळ्यात, तीही कोर्सवर नाही, गाडीच्या डिकीत. एप्रिल-मेमध्ये बाहेर 40 अंश असताना बंद डिकीत त्याहून कितीतरी जास्त होतं. डोकं आणि दांडा जोडणारा इपॉक्सी अशा तापमानाने हळूहळू ढिला पडतो, ग्रिपखालची टेप सरकते, रबर कडक होऊन चकाकायला लागतं. डोकं हलवल्यावर आत खडखड वाजलं, किंवा दांड्याच्या तळाशी असलेली काळी प्लास्टिकची चकती वर सरकलेली दिसली, तर तो क्लब मारू नका. डोकं सुटून चेंडूच्या आधी पुढे जाईल. बॅग घरात आणायची, एवढाच उपाय.

पावसाळ्यात उलटा त्रास. काळी माती फेसवरच्या खाचांत चिकटते आणि वाळली की सिमेंट होते. खाचा भरलेल्या असल्या की चेंडूला मागचा फिरका मिळत नाही आणि तो ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत गवतावर, थांबत नाही. प्रत्येक फटक्यानंतर ओल्या फडक्याने पुसा, घरी आल्यावर भांड्यांचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश. क्लब कोरडे करूनच बॅगेत. स्टीलवर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवला तर गंज धरत नाही. ग्रिपला मात्र तेलाचा थेंबही लागू देऊ नका. ग्लोव्ह दोन ठेवा, एक ओला झाला की दुसरा. घामाच्या आणि पावसाच्या दिवसांत मऊ चामड्याचा ग्लोव्ह लवकर कडक होतो, सिंथेटिक टिकतो.

पेटीतल्या ग्रिप साध्याच असतात. नियमित खेळणाऱ्याने वर्षातून एकदा त्या बदलाव्यात. हे काम घरी होतं. जुनी ग्रिप हुक ब्लेडने, धार स्वतःपासून लांब ठेवून, लांबीत चिरून काढा. खालची टेप खरवडून दांडा टर्पेंटाइनने पुसा. दोन इंच रुंदीची दुहेरी टेप सुमारे दहा इंच घ्या, अर्धा इंच वरच्या टोकाला बाहेर ठेवून ती दांड्याच्या पोकळीत दुमडा. नव्या ग्रिपच्या वरच्या टोकाचं छिद्र बोटाने दाबून आत दोन मोठे चमचे टर्पेंटाइन ओता, हलवा, तेच टेपवर रिचवा आणि ग्रिप एका दमात शेवटपर्यंत ढकला. लोक इथेच चुकतात: द्रव वाचवतात आणि मध्ये थांबतात. अर्ध्यात अडकलेली ग्रिप मग पुढेही जात नाही, मागेही येत नाही. कापून फेकावी लागते. वर चढल्यावर ग्रिपवरची खूण सरळ करायला मिनिटभर मिळतो. रात्रभर वाळू द्या. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद.

चेंडू पेटीत येत नाहीत. दोन थरांचे, कडक कवचाचे, मिळतील तेवढे स्वस्त घ्या. एका फेरीत पाच-सहा हरवणारच. तळ्यातून काढलेले जुने चेंडूही चालतात, फक्त रंग पिवळट पडलेले आणि खरबरीत झालेले वगळा. युरेथेन कवचाचे महागडे चेंडू फिरका जास्त घेतात, आणि नवशिक्याच्या हातात तो फिरका बहुधा झाडीकडे नेणारा असतो. 2019 पासून हरवलेला चेंडू शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात, तेव्हा फार जीव लावू नका.

खेळायला जायचं कुठे? लष्करी आवारातली आणि खासगी क्लबांची मैदानं सर्वांना सहज खुली नसतात, आधी फोन करून पाहुण्यांचे नियम विचारून घ्या. मेंबर नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येईल अशा मैदानांत सिडकोने उभारलेलं खारघर व्हॅली आहे. पहाटे निघालं तर नाशिकहून एका दिवसात जाऊन-येऊन होतं. पहिल्यांदा नऊच होल खेळा. दोन-अडीच तास, चार-पाच किलोमीटर चाल. 18 होलना चार तासांच्या वर लागतात आणि चौदाव्या होलपर्यंत पाय बोलायला लागतात.

आणि सगळे फटके मोजत बसू नका. हौशी माणसाचं समाधान टिकवायला या खेळाने दोन उत्तम सोयी केल्या आहेत. एक, हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची माफी. 2020 पासून जगभर एकच पद्धत आहे आणि कमाल इंडेक्स 54 आहे. कोर्स मध्यम अवघड असेल तर याचा अर्थ ढोबळमानाने दर होलला तीन फटके माफ. त्यामुळे सासरा आणि जावई, मॅनेजर आणि ट्रेनी खरोखरच्या चुरशीने एकत्र खेळू शकतात. बॅडमिंटनमध्ये अशी लढत दहा मिनिटांत संपते. दुसरी सोय स्टेबलफर्ड या गुणपद्धतीची, डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी इंग्लंडमधल्या वॉलसी इथे 1932 मध्ये रूढ केलेली. माफीचे फटके वजा करून पार झाला तर दोन गुण, एक जास्त तर एक, एक कमी तर तीन. दोन किंवा अधिक जास्त झाले की शून्य, आणि चेंडू उचलून पुढच्या होलकडे चालू लागायचं. म्हणजे तीन माफीच्या माणसाला पार 4 वर सात फटक्यांतही दोन गुण. एका होलवर 12 झाले तरी नुकसान त्या होलपुरतंच.

हे 12 बहुधा बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, होतात, आणि पेटीची खरी उणीव तिथेच आहे: 12 नगांत सँड वेज नाही. पिचिंग वेजची पुढची कड वाळूत खणत जाते, चेंडू जागचा हलत नाही. 54 ते 56 अंशांचा एक वेगळा वेज घ्यावाच लागतो. तो घेताना बाउन्स बघा, म्हणजे क्लबचा तळ कडेपेक्षा किती अंशांनी खाली फुगलेला आहे ते. मऊ वाळूला 12-14 अंश छान. पण उन्हाळ्यात आपल्याकडची काळी जमीन तापून दगड झालेली असते. तिच्यावर एवढा फुगीर तळ आपटून उसळतो, कड चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे जातो. दोन्हीकडे निभावेल असा 8 ते 10 अंशांचा घ्या. अंश बहुतेक वेळा तळावरच कोरलेले असतात.

हा एक क्लब जुना घेतला तरी हरकत नाही, मात्र तपासून. खाचांवरून नख आडवं फिरवा; प्रत्येक खाचेत अडकलं पाहिजे. नख सपाट घसरलं तर आधीच्या मालकाने वेज वापरून संपवलाय. दांड्याच्या तळाशी आणि ग्रिपच्या कडेला गंजाचे खड्डे नाहीत ना ते बघा. वरचा डाग पुसला जातो, खड्डा असला तर दांडा तिथेच तुटतो. मग क्लब जमिनीवर नेहमीसारखा टेकवून पुढची कड किती उचलली जाते ते डोळा खाली नेऊन पाहा. कडेखालून एटीएम कार्ड सहज गेलं आणि बोट गेलं नाही, तर घ्यायला हरकत नाही.